ग्रेसला सांगायला हवं होतं, सुहास

सुहास,

काल दुपारी तुझी शोकसभा झाली. बाहेर रस्त्याच्या कडेला काळवंडलेला बर्फ साचला होता आणि आत शाळेच्या कॅफेटेरियात तुझा हसरा फोटो, चंदनाचा हार घातलेला. हॉल भरला होता. तुला आवडलं असतं. 'एवढं कशाला' असं तू दर वेळी म्हणायचास, आणि मग प्रत्येकाशी हात मिळवल्याशिवाय निघायचा नाहीस.

आपल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी सुरुवात केली. "डॉक्टरसाहेबांनी आफ्रिकेच्या जंगलात जाऊन असंख्य बाळांना जीवदान दिलं," असं म्हणाले. जंगल. त्या हॉस्पिटलच्या समोर डांबरी रस्ता होता, पलीकडे बँक, बँकेला लागून मोबाइल रिचार्जच्या टपऱ्या आणि कोपऱ्यावर मंदासी, म्हणजे तळलेले गोड वडे, विकणारी बाई, जिच्याकडे तू रोज सकाळी जायचास. आणि 'आफ्रिका' नव्हे, मलावी. मलावीतल्या एका जिल्ह्यातलं एक सरकारी हॉस्पिटल आणि त्यातला नवजात बाळांचा वॉर्ड. पण तू तरी हे कधी कुणाला दुरुस्त करून सांगितलंस? सत्काराची शाल घेताना तू अख्खा खंड खांद्यावर घ्यायचास.

नागपूरहून आईचा फोन आला होता. म्हणाली, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मी तुझ्याबद्दल बोलत नाहीये. मी तुझ्याशी बोलते आहे. इतकी वर्षं तू ती सोय ठेवली नव्हतीस.

ईरा आली होती. कॉलेजहून मैत्रिणीच्या गाडीतून, परीक्षा तोंडावर असताना. मी तिला म्हटलं होतं, नाही जमलं तरी चालेल. त्यावर ती म्हणाली, "आई, ही सेव्ह्ड माय लाइफ. तू नको येऊस हवं तर. मी जाणार."

तिने तुझ्यावर भाषण केलं. इंग्रजीत, पण सुरुवात 'सुहासकाका' म्हणून. ती बालवाडीत असतानाचा तो रविवार तिने सांगितला. तिला स्वतःला त्यातलं काही आठवत नाही, माझ्याकडून ऐकलेलं आहे सगळं. तुमच्याकडे दुपारचं पॉटलक होतं. ईरा सोफ्यावर पडून होती, अंगात ताप. सगळे म्हणत होते फ्लू आहे, शाळेत पसरलाय. तू पुलावाची ताटली हातात घेऊन चालला होतास, तिच्यापाशी थांबलास, ताटली खाली ठेवलीस. तिची मान वाकवून बघितलीस. पायमोजा खाली केलास. नडगीवर जांभळे ठिपके होते. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "मीनल, गाडी काढ."

एवढंच. 'घाबरू नकोस' नाही, काही नाही. गाडी काढ.

इमर्जन्सीत एक तरुण डॉक्टर होता. आधी पाठीच्या कण्यातलं पाणी काढू, तपासू, मग औषध ठरवू, असं त्याचं चाललं होतं. तू त्या हॉस्पिटलचा डॉक्टर नव्हतास, तुला तिथे बोलायचा काही अधिकार नव्हता. तू त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभा राहिलास. "रिपोर्ट येईल तेव्हा येईल. अँटिबायोटिक आत्ता द्या." त्याने दिलं. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला, मेंदूज्वरच होता. तोवर वाट पाहिली असती तर काय झालं असतं, हे तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

हे सगळं ईराने काल सांगितलं आणि बायकांनी डोळे पुसले. मीही पुसले. ते खरं आहे, सुहास. ते जर खोटं असतं तर तुझ्यावर रागावणं किती सोपं झालं असतं.

मग पडद्यावर ग्रेस आली.

मला माहीत नव्हतं ती येणार आहे. अध्यक्षांनी ओळख करून दिली, "आता डॉक्टरसाहेबांच्या आफ्रिकन सहकारी दोन शब्द बोलतील." डॉक्टर ग्रेस फिरी. त्या वॉर्डची प्रमुख, तू पहिल्यांदा तिथे पाय ठेवलास त्याच्याही आधीपासून. केस आता बरेच पांढरे झालेत तिचे. तिथे रात्र झाली होती, मागे कपाटं, फायली. तिने चष्मा काढून ठेवला आणि सावकाश बोलायला लागली.

ती म्हणाली, "सुहासने माझ्या नर्सना एक नळी आणि पाण्याची बाटली घेऊन बाळांना श्वासाला मदत करायचं यंत्र बनवायला शिकवलं. त्यामुळे वाचलेली मुलं आज शाळेत जातात. मी त्यांना बाजारात बघते. त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे." कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ती थांबली, टाळ्या संपू दिल्या. मग म्हणाली, "आम्ही देत असलेलं औषध चालत नाही, हे त्याला काही महिने माहीत होतं. त्याने मला सांगितलं नाही. मला मीनलने सांगितलं. मी त्याला पुष्कळदा विचारलं, का नाही सांगितलंस. त्याने उत्तर दिलं नाही. आता देणार नाही. मी डॉक्टर आहे. अर्धी केस सांगायची मला सवय नाही."

अध्यक्षांनी माइक घेतला आणि म्हणाले, "थँक यू, डॉक्टर ग्रेस. नेटवर्कचा जरा प्रॉब्लेम होता."

नेटवर्कचा काही प्रॉब्लेम नव्हता. शब्दन् शब्द ऐकू आला होता.

आता मला सांगू दे. तू जिवंत असताना जेव्हा जेव्हा मी हा विषय काढला, तू मध्येच तोडलंस. आता तोडता येणार नाही.

मी तुझ्याबरोबर मलावीला पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं होतं, मी तुझ्या प्रयोगशाळेतली आकड्यांची माणूस, माझं तिथे काय काम. तू म्हणालास, "आकडे कुठून येतात ते बघितल्याशिवाय आकड्यांना हात लावायचा नाही." हे तुझंच वाक्य आहे. वॉर्डात भिंतींना खालून निळा रंग होता, एकेका पाळण्यात दोन-दोन बाळं, आया जमिनीवर चादरी अंथरून बसलेल्या. सगळ्यांना तू 'मुली ब्वांजी' म्हणायचास, म्हणजे कशा आहात. मला कोपराने ढोसून म्हणालास, "बघ, इथे मुलींची चौकशी आधी करतात." माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि तू मला हसवलंस.

त्याच संध्याकाळी एक बाळ गेलं. त्याची आई अगदी लहान होती, आत्ताच्या ईरापेक्षा फार मोठी नसेल. दुभाषा घरी गेला होता. तू जाऊन तिच्याशेजारी फरशीवर बसलास. तुला तिची भाषा येत नव्हती, तिला तुझी. तू नुसता बसलास, तिची सासू येईपर्यंत. मी दारातून बघत होते आणि मनात म्हटलं, ह्या माणसाबरोबर आपण आयुष्यभर काम करू.

म्हणूनच मला तुझा राग येतो. तू दगड असतास तर मी कधीच सोडून दिलं असतं.

तुला सगळं माहीत आहे, तरी क्रमाने सांगते. वॉर्डातल्या आजारी बाळांच्या रक्तात जे जंतू सापडायचे, ते गोठवून इकडे आपल्या प्रयोगशाळेत यायचे. कोणतं औषध कोणत्या जंतूवर चालतं, ते इथे तपासायचं, कारण त्या तपासणीची यंत्रं तिथे नव्हती. ग्रेस दर महिन्याला विचारायची, काही कळलं का. त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला कळलं. वॉर्डात बाळाला ताप आला की जे अँटिबायोटिक सगळ्यात आधी दिलं जायचं, ते बहुतेक जंतूंवर चालतच नव्हतं. म्हणजे ग्रेसच्या नर्स बाळांना सुया टोचत होत्या आणि सुईत जवळजवळ पाणीच होतं.

मी तो तक्ता घेऊन तुझ्या केबिनमध्ये आले. तू बराच वेळ बघत राहिलास. म्हणालास, "पुन्हा तपासू. नमुना दूषित झाला असेल तर? चुकीचं सांगितलं तर तिथे गोंधळ होईल." मला ते पटलं. तपासणी पुन्हा केली. तेच आलं. मी परत आले. म्हटलं, "आता ग्रेसला फोन कर."

तू दार लावून घेतलंस.

"हे बघ मीनल," तू म्हणालास, "हा रिसर्च पेपर मोठा आहे. आपल्या दहा वर्षांच्या कामाचं चीज आहे हे. एकदा तिथल्या मंत्रालयात गेलं की दुसऱ्या दिवशी सगळ्या जगाला कळेल. दुसरं कुणीतरी आधी छापेल."

"ग्रेस कुणाला देणार नाही."

"ग्रेस नाही देणार. ग्रेसच्या वरचे देतील."

"आणि तोवर बाळांना काय द्यायचं?"

"जे देतायत ते. मीनल, दुसरं औषध त्यांच्याकडे आहे कुठे? महाग आहे, राजधानीतून मागवावं लागतं. आत्ता सांगून तू तिला फक्त झोप लागू देणार नाहीस. पेपर आला की मंत्रालयावर दबाव येईल, औषध मिळेल. दोन महिने थांबायचंय फक्त."

दोन महिन्यांचे तीन झाले. जर्नलने बदल सुचवले, तू बदल करत बसलास. मी दर आठवड्याला विचारत होते आणि तू दर आठवड्याला मान हलवत होतास. तिकडून वॉर्डाचे आकडे येत होते आणि ते माझ्याच टेबलावर येत होते, सुहास. कोणत्या बाळाला काय दिलं आणि पुढे काय झालं. एकदा मी ते आकडे तुझ्यासमोर ठेवले तर तू म्हणालास, "इमोशनल होऊ नकोस."

शेवटी मी म्हटलं, "शुक्रवारपर्यंत तू सांग. नाहीतर मी सांगेन." तू हसलास. तुला वाटलं मीनल आहे, नागपूरची, बोलते आणि गप्प बसते.

सोमवारी सकाळी मी पार्किंगमध्ये गाडीत बसून ग्रेसला फोन लावला. मी सांगितलं. मग तिने विचारलं, "त्याला कधीपासून माहीत आहे?" मी सांगितलं. ती म्हणाली, "थँक यू, मीनल. मला आता वॉर्डात जायला हवं."

आणि सुहास, तिने औषध मिळवलं. तुला वाटत होतं ते मिळणार नाही. ती राजधानीत जाऊन अधिकाऱ्यांच्या दारात बसली, शेजारच्या जिल्ह्यातल्या मिशनच्या हॉस्पिटलकडून थोडं उसनं आणलं, कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही याचे कडक नियम स्वतः बनवले. सगळी बाळं वाचली नाहीत. काही वाचली. पण प्रयत्न करायचा की नाही, हे ठरवायचा हक्क तिचा होता. तो तू तिच्या वतीने वापरून टाकलास, इथे ॲन आर्बरमध्ये बसून, कॉफी पीत.

पुढचं तर तूच घडवलंस. माझ्याविरुद्ध तक्रार केलीस, गोपनीयता मोडली म्हणून. चौकशी समितीला माझी चूक सापडली नाही, पण माझं कंत्राट पुढे वाढवलं गेलं नाही. कामापुरतं तरी समजू शकते. पण तू मंडळातही सांगत सुटलास. "मीनलने पाठीत सुरा खुपसला." गणपतीला मी प्रसादाचं वाटप करत होते तर दोन बायकांनी रांग बदलली. नवरा सोडून गेल्यावर तुझ्या ज्या घराने मला आणि ईराला दिवाळी एकट्याने करू दिली नाही, त्या घराचं दार बंद झालं. तुझी बायको, वर्षा, फोन करायची अधूनमधून, तुला न सांगता, बाहेरून, गाडीतून. एकदा इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीपाशी तू आणि मी समोरासमोर आलो. तू ट्रॉली वळवलीस. कोथिंबीर न घेता गेलास.

पेपर छापून आला, मोठ्याच जर्नलमध्ये. माझं नाव गाळलंस, ते अपेक्षितच होतं. ग्रेसचं नाव नावांच्या गर्दीत मधे कुठेतरी घातलंस. वॉर्ड तिचा, बाळं तिच्या देशाची, आणि ती मधल्या रांगेत उभी. मी तिला फोन करून म्हटलं, तू आक्षेप घे. ती म्हणाली, "माझ्याकडे आज चार नर्सच्या जागी दोन आहेत. नावासाठी भांडायला वेळ कुठून आणू?" तिच्या आवाजात कडवटपणा होता. तो तुझ्या वाट्याचा होता, ऐकायला मी होते.

त्यानंतर वर्षं गेली. ईरा कॉलेजात गेली. मी एका विमा कंपनीसाठी आकडेमोड करते, चांगलं चाललंय. तुला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला हे मला मंडळाच्या ग्रुपवर कळलं. मी काही लिहिलं नाही. मग ऑक्टोबरात तुझा फोन आला. इतक्या वर्षांनी. "मीनल, ये एकदा," एवढंच म्हणालास.

मी काय समजले असेन, ते तू ओळखलं असशील. गाडी चालवताना मी मनात तयारी केली होती, तू माफी मागितलीस तर काय म्हणायचं. आणि तुला एक सांगायचं राहिलं होतं तेही सांगायचं ठरवलं होतं. ईराच्या वेळी मी हॉस्पिटलमध्ये तुझे आभार मानायला गेले तर तू 'अगं, जेवून घे आधी' म्हणून निघून गेला होतास. त्यानंतर ते कधी नीट म्हटलंच गेलं नाही.

फॅमिली रूममध्ये खिडकीपाशी तुझा पलंग होता. किती वाळला होतास. वर्षाने चहा आणला आणि ती मुद्दाम वर निघून गेली. तू म्हणालास, "माफी मागायला बोलावलं नाहीये तुला."

"मग कशाला बोलावलंस?"

"मला अजून पटलेलं नाही, हे सांगायला. तू कच्च्या आकड्यांवर फोन केलास. नशिबाने बरोबर निघालं."

"आकडे दोनदा तपासले होते, सुहास. तूच सांगितलं होतंस तपासायला."

"दोनदा पुरत नाही. चुकलं असतं तर? ते महागडं, शेवटचं औषधही वापरून वापरून, जंतू सरावून निकामी झालं असतं, मग?"

तुला बोलताना धाप लागत होती आणि तरी तू भांडत होतास. मला तुझी दया यायला हवी होती. आली नाही. मी म्हटलं, "ईराच्या वेळी तू एकदाही तपासलं नव्हतंस. पायमोजा खाली केलास आणि गाडी काढ म्हणालास. रिपोर्टसाठी थांबू दिलं नाहीस कुणाला."

तू खिडकीबाहेर बघत राहिलास. अंगणात मेपलची पानं पडली होती, कुणी गोळा केली नव्हती. मग म्हणालास, "ती समोर होती, मीनल."

"ती बाळंही ग्रेसच्या समोर होती."

तू डोळे मिटलेस. "दमलो मी. जा आता."

मी गेले. दारात चपला घालताना वाटलं, मागे फिरावं, जे सांगायचं ठरवून आले ते सांगून टाकावं. नाही फिरले. पुन्हा येऊ, पुन्हा भांडू, असं वाटलं. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगनंतर तू गेलास.

काल सभा संपल्यावर लोक जेवणाच्या टेबलाकडे वळले. माझ्याकडे कुणी आलं नाही. वर्षा आली. पांढरी साडी नव्हती, नेहमीची निळी. मी म्हटलं, "वर्षा, ग्रेस असं बोलेल हे मला खरंच माहीत नव्हतं."

"मला होतं," ती म्हणाली. "मीच तिला सांगितलं होतं, मनात असेल ते बोल. घरात विषय काढला की हा उठून जायचा. मला एकदा ऐकायचं होतं. सगळ्यांसमोर."

मी तिचा हात धरला. तिने तो थोडा वेळ राहू दिला. मग म्हणाली, "शेवटी ग्लानीत होता ना, तुझ्याशी वाद घालायचा. नाव घेऊन. मला वाटायचं तू खोलीत आहेस."

"काय म्हणायचा?"

"मला काय कळणार, आकडेच सगळे." आणि ती कुणाला तरी ताट वाढायला निघून गेली. सुहास, ही बाई तुझ्याबरोबर जन्मभर राहिली आणि तुझ्या शोकसभेत तिला परक्या माणसाकडून खरं वदवून घ्यावं लागलं. याचाही हिशोब तुझ्याकडेच.

ईरा गाडीत बसून होती. जेवली नाही. मी आत बसले तशी तिने विचारलं, "वॉज इट ट्रू? व्हॉट डॉक्टर ग्रेस सेड?"

तिला यातलं काही माहीत नव्हतं. आपलं भांडण कामावरून झालं, एवढंच मी तिला आजवर सांगितलं होतं. तिच्यासाठी तू सुहासकाका होतास आणि मला ते मोडायचं नव्हतं. पण काल तिने समोरून विचारलं, तेव्हा मी सांगितलं. तक्ता, लावलेलं दार, 'दोन महिने थांबायचंय फक्त', पार्किंगमधला फोन. काचांवर वाफ धरली होती, ती बोटाने पुसत ऐकत होती.

मग म्हणाली, "सो ही न्यू हाऊ टू नॉट वेट."

"हो. कधी थांबायचं नसतं, हे त्याला कळत होतं."

"दॅट्स वर्स, आई."

आणि काय झालं माहीत आहे? मी तुझी बाजू घेतली. मला स्वतःला कळलं नाही मी काय करतेय. मी म्हटलं, तसं नाही ईरा, आकडे अगदी पक्के नव्हते. मी म्हटलं, ते दुसरं औषध सरसकट वापरलं असतं तर तेही निकामी झालं असतं, ही भीती खरी होती, तज्ज्ञ लोकांना आजही ती आहे. मी म्हटलं, पेपरशिवाय मंत्रालय हलत नाही, हे त्याने आधी अनुभवलं होतं. म्हटलं, डॉक्टरला समोरचा पेशंट दिसतो, लांबचा नाही दिसत, माणूस आहे.

ईरा म्हणाली, "बट ही वॉज देअर. एव्हरी इयर. ही हेल्ड दोज बेबीज."

मी तरीही बोलत राहिले. तू ज्या क्रमाने मुद्दे मांडायचास त्याच क्रमाने. मध्येच हात हलवून, तुझ्यासारखा. तुझ्या बाजूने बोलायला त्या गाडीत दुसरं कुणी नव्हतं, आणि आत हॉलमध्ये होते त्यांना तुझी बाजू माहीतच नव्हती. त्यांना फक्त जंगल माहीत होतं. मी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही, तुझा सगळ्यात चांगला मुद्दा शेवटी ठेवला.

तिला पटलं नाही, सुहास. मलाही नाही.